पप्पांच्या लेखी मी वर गेले

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचा प्रभूमध्ये सलाम व अ. आ.

वि. वि. तुझं पत्र नाही, म्हणजे तू खुशाल आहेस असं धरून चालते. लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करून त्यांना वर पाठवतोस, आणि बहिणीला चार ओळी पाठवताना मात्र हात मोडतो.

इथे विचित्रच झालंय. मागच्या आठवड्यात स्वेटर आणि चष्मा खुर्चीवर ठेवून मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. पप्पा दुपारच्या झोपेतून उठले, तर घरात सामसूम. चर्चसाठी त्यांनी रंगवलेला तो लांबलचक पडदा तुला आठवत असेल. प्रभू आपल्या लोकांना उचलून नेतो आणि खुर्च्यांवर नुसते कपडे राहतात, असं चित्र होतं त्यावर. पप्पांना वाटलं, तेच झालं. मला नेलं आणि ते राहिले. मी खाली आले तर स्वेटर छातीशी धरून ढसाढसा रडत होते.

तेव्हापासून ते मला ओळखत नाहीत. डॉक्टर म्हणतात वयामुळे डोकं थकलंय. मी म्हणजे घरकामाची बाई. भरवायला बसले की माझंच कौतुक मला ऐकवतात, माझी मुलगी गेली, तिचा हक्कच होता म्हणतात. चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले तर त्यांच्याकडे डोळे फाडून बघत राहिले आणि हळूच विचारलं, तुम्हीसुद्धा का? बिचारे पाळक चहा न घेताच गेले.

आता दिवसभर तुझा धोशा आहे. तूही मागे राहिला असणार याची त्यांना खात्री आहे. माझ्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय आणि मला घर सोडता येत नाही. शिवाय ते किती दिवस काढतील, सांगता येत नाही. ये रे.

लोभ आहेच, पण पत्रही पाठवावं.
तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून आधी हसलो आणि मग जेवण गेलं नाही. मी घर सोडलं तेव्हा पप्पा जिन्यात उभे राहून सगळ्या शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडले होते, की प्रभू येईल तेव्हा तू मागे राहशील. का, तर मला त्यांचं ते शेवटच्या काळाचं पटत नव्हतं. आता बोलावणं आलंय तेही मी नापास झालो याची खात्री आहे म्हणूनच. छान आहे!

राग गेलेला नाही, उगाच गोड लिहीत नाही. पण तुझे हाल होतायत. साहेबांकडे रजा टाकली आहे. मी आलो की तू लेकीकडे निघ. प्रवचन सुरू झालं तर मात्र माझ्या तोंडाला कुलूप राहील याची हमी नाही.

भेटीअंती बोलूच.
धाकटा


६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

फोनवर पप्पा गेले एवढंच सांगता आलं. बाकीचं लिहितो. रविवारी दुपारी, झोपेतच गेले. त्रास झाला नाही. दफनाला पाळक आले होते, नीट बोलले. लेक ओली बाळंतीण, तुला येता आलं नाही, याचा मनाला घोर लावून घेऊ नकोस.

तू गेल्यावर एक दिवस मी त्यांची दाढी करत होतो, मला ते न्हावीच समजत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, जन्मभर तयारी केलीत, मग तुम्ही कसे राहिलात? खरं सांगतो, टोचायलाच विचारलं. तर चिडले. म्हणाले, राहिलो कुठे, थांबलो. ताईला नेलं तेव्हा मलाही हाक आली होती, पण मी म्हटलं, पोरगा आज ना उद्या घरी येईल, त्याला दार कोण उघडणार?

ताई, वस्तरा खाली ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. इतकी वर्षं मी कशाला रागावून बसलो होतो तेच आठवेना.

सामान बांधून ठेवतो. पुढच्या आठवड्यात निघेन, किल्ली शेजारणीकडे देतो.

बाळाला माझे पापे.
धाकटा


१० मार्च

चि. धाकट्यास,
ताईचा प्रभूमध्ये सलाम व अ. आ.

बाळ-बाळंतीण सुखरूप. छोकरीचं नाक थेट तुझं, आता लग्न जुळवताना आमचे जोडे झिजणार.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तुझा हेवा वाटला रे, लिहूनच टाकते. घास मी भरवत होते, अंथरूण मी बदलत होते आणि माझ्याबद्दल पप्पा निर्धास्त होते. मी शहाणी. मी पोचलेली. शहाण्या मुलीची कोणी वाट बघत नाही. शेवटी एकदा तरी त्यांनी मला ताई म्हणून हाक मारायला हवी होती.

किल्ली शेजारणीकडे देऊ नकोस. मी महिनाअखेरीला येते. मी बेल वाजवीन तेव्हा ते घर रिकामं असलेलं मला सोसणार नाही. रजा वाढव, साहेबांना काय वाटेल ते सांग, पण या वेळी माझ्यासाठी थांब.

तुझी ताई