दाढ नव्हे, अक्का

पिंपळी,
बुधवार, तिसरी माळ

तीर्थरूप अक्कास,
जयवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळी खुशाल आहोत. तू, दाजी आणि युवराज खुशाल असाल. यंदा पेरूला फळ बक्कळ आहे, पण पावसानं माशी पडली, त्यामुळे निम्मं टाकूनच द्यावं लागतंय. शेळीला जुळी झाली. छकुली शाळेत भोंडल्याची गाणी शिकून आलीय आणि दिवसभर घरात फेर धरून सगळ्यांचं डोकं उठवते. तुझा घट कसा आहे? धान तरारून वर आलं असेल.

फोन असताना जयाला पत्राचं काय खूळ लागलं, असं तुला वाटेल. पण अक्का, तुमच्या घरचा फोन म्हणजे चावडी. तू स्पीकर लावून तो खाटेवर ठेवतेस, मी तुला विचारते आणि जबाब दाजी देतात. तू लग्न होऊन निमगावला गेलीस तेव्हा मी तुला पत्रं धाडायचे. आईनं मारलं तेही लिहायचे आणि मी कशासाठी मार खाल्ला तेही. तू म्हणायचीस, जया तोंडानं थापा मारते, कागदावर मारत नाही. ते आज आठवलं.

परवा घट बसवून तू फोन केलास. मी जास्त बोलले नाही, म्हणून तुला राग आला असेल. तू काय म्हणालीस ते माझ्या कानातून जात नाही. "आगं, बाकी काय न्हाय, डाव्या अंगाची दाढ लई ठणकतीया. पानमळ्यात पाटी उचलली की कळ येती, जरा बसलं की आपसूक जाती. मिश्री लावती अन दडपून ऱ्हाती. दसरा झाला की येती बारामतीला, तुझ्याच डागदरकडनं काढून टाकती."

मी म्हटलं, अक्का, दसऱ्यापर्यंत थांबू नको. तर तिकडून दाजी, "घट बसल्यात, उंबरा वलांडून कुठं जायाचं? दाढंला काय घाई हाय?" आणि फोन बंद झाला.

ती दाढ नाही, अक्का.

आता नीट ऐक, आणि आधी बसून घे. वर पिंपळी लिहिलंय ते खोटं आहे. मी बारामतीत दवाखान्यात आहे. पितरांच्या पंधरवड्यापासून इथंच आहे. जयाला ताप आलाय म्हणून तुला सांगायचं, अशी तंबी मीच घरात सगळ्यांना दिली होती. तुझा जीव हळवा, तू भाकर टाकून रडत बसशील, म्हणून. मला हार्ट अटॅक आला होता.

उन्हाळ्यापासून माझीही दाढ दुखत होती, हे तुला ठाऊक आहे. तशीच डावीकडची, खालची. पेरूच्या जाळ्या उचलल्या की ठणका कानापर्यंत जायचा, बांधावर टेकलं की ओसरायचा. मी आपली मिश्री चोळत राहिले. शेवटी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन ठाण मांडलं, की काढाच. ते म्हणाले, दाढ बरी दिसतेय. मी म्हटलं, दुखतंय मला का तुम्हाला? चालताना दुखतं आणि बसलं की थांबतं, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची गोष्ट आहे असंच मला वाटलं नाही. एक काढली, मग शेजारची काढली. तुला मात्र फोनवर म्हटलं, दोन दाढा दिल्या, आता मोकळी झाले. मोकळी कसली! ठणका होता तिथंच होता. पण एवढा हट्ट करून काढून घेतल्यावर पुन्हा कण्हायचं कुठल्या तोंडानं?

सासूबाईंच्या नवमीचं जेवण होतं. सकाळपासून जबडा धरला होता. वडे तळताना मळमळलं आणि घामानं झंपर भिजला. म्हटलं, चुलीची धग आहे. पंगत बसली होती, वाढणारी मी. पंगत उठू दे, मग पडू जरा, असं म्हणत म्हणत मी शेवटच्या माणसाला ताक वाढेपर्यंत उभी राहिले. छातीत दुखलंच नाही, अक्का. म्हणून तर कळलं नाही. सूनबाईनं, सुकन्यानं, हात धरला तर म्हणाली, "आत्या, हात बरफ झालाय तुमचा." लेकाला, यशराजला, गाडी काढायला तिनंच लावलं. मी जाताना तिला शिव्या घातल्या, की खरकटं तसंच पडलंय.

इथल्या डॉक्टरीणबाई पोरसवदा आहेत, पण बोलणं सडेतोड. त्यांनी विचारलं, मिश्री लावता का? मी म्हटलं, छे. त्या म्हणाल्या, "आजी, तोंड उघडा बघू." हिरड्या काळ्याठिक्कर! मग म्हणाल्या, दाढ किडली की माणूस बसला काय नि चालला काय, ती दुखणारच. काम केल्यावर दुखते आणि विसावा घेतला की थांबते, ती दाढ नसते, ते काळीज असतं. बायकांचं दुखणं छातीत येईलच असं नाही. कुणाच्या जबड्यात येतं, कुणाच्या पाठीत, कुणाला नुसती धाप लागते आणि हातपाय गळतात. आणि बायका म्हणतात, पित्त झालं.

मी त्यांना सांगितलं, आमच्या दाजींचं म्हणणं आहे, बायकांना कुठं हार्टाचं असतंय, तो बाप्या माणसाचा आजार. त्या हसल्या नाहीत. शेजारच्या कॉटकडे बघत राहिल्या.

त्या कॉटवर कन्हेरीच्या शकुबाई होत्या. माझ्यापेक्षा वयानं लहान. पाठीत कळ येते म्हणून त्यांच्या सुना चार दिवस बाम चोळत होत्या, वर सोडा पाजत होत्या. इथं आणलं तेव्हा चांगल्या बोलत होत्या. मला म्हणाल्या, "नवरात्राचं घर सारवायचं ऱ्हायलंय वं, आजच सोडतील न्हवं?" काल दुपारी त्यांची कॉट रिकामी झाली. चादर बदलून टाकली, अक्का. ती नवी चादर दिसायला नको म्हणून मी कूस बदलून पडते.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमच्या आईला काय झालं होतं? मी नेहमीचं उत्तर दिलं, की दाढेचं विष डोक्यात गेलं. आपण आजवर सगळ्यांना हेच सांगत आलो. आणि बोलता बोलता मला आपला बांध दिसला. आठवतं तुला? आई डोक्यावरचा भारा खाली टाकून बांधावर बसायची, पदराचा बोळा गालाला लावायची आणि जरा वेळानं उठून पुन्हा भारा उचलायची. आपण दोघी तिच्यासाठी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायचो आणि तिच्या आधी आपणच बोट लावून बघायचो. ती गेली तेव्हाही तिचा हात गालावरच होता. आपण तो सोडवला.

आईची दाढ, माझी दाढ, आता तुझी. दाढा कुठल्या गं, एकच दुखणं तिघींना. आईला सांगणारं कुणी नव्हतं. मला सांगितलं ते पडल्यावर. तू अजून उभी आहेस.

तुला साखर आहे. बीपीची गोळी तू चक्कर आली तरच घेतेस, हेही मला माहीत आहे. आणि आता उपासात गोळी चालत नाही म्हणून नऊ दिवस सगळंच बंद करून, पाण्यावर राहून पाट्या उचलत असशील. देवीला हे चालतं, असं तुला कुणी सांगितलं? आपल्या लेकीनं मरून दिवा लावावा, असं कुठली आई म्हणेल?

मला ठाऊक आहे तू काय म्हणणार. घट उठल्याशिवाय घर सोडायचं नाही, अखंड दिवा विझला तर वंगाळ. म्हणून मी सुकन्याला पाठवलंय. हे पत्र तिनंच तुझ्या हातात दिलं असेल. तोंडानं ती काही सांगणार नाही, दाजींसमोर तिला शब्द फुटत नाही. पण दिव्याला ती डोळ्यात तेल घालून जपेल. न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आलीय. वात कशी सरकवायची आणि माळ कुठल्या फुलांची, तेवढं तिला सांग आणि तू ऊठ. दिव्यापाशी बाईमाणूस हवं ना? ते आलं. अक्काच हवी, असा देवीचा हट्ट नाही. तो माझा आहे.

दाजींना म्हणावं, रागवायचं तर जयावर रागवा. मी बरी झाले की पाया पडून माफी मागेन.

बरी झाले तर. हेही आता लिहूनच टाकते. माझ्या तीन नसा बंद आहेत. उद्या मला पुण्याला हलवणार, छाती उघडणार. घरात सगळे म्हणतात, आता हे ऑपरेशन रोजचंच झालंय. मीही मान हलवते आणि सगळे बाहेर गेले की पदर तोंडात कोंबून रडते. मी फार भ्याले आहे, अक्का. सकाळी वाटलं, तुला धमकी द्यावी, की तू तपासायला आली नाहीस तर मीही पुण्याला जाणार नाही. लहानपणी तू जेवली नाहीस तर मीही ताटावरून उठायचे, तसं. पण नाही. मी जाणारच आहे. मला जगायचंय. पण उद्या त्या टेबलावर डोळे मिटताना, तू तिकडं गाल धरून बांधावर बसलीयस, असं मला दिसायला नको. तेवढ्यानंच माझं काळीज थांबेल.

डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय, माझी बहीण येतेय. छातीची पट्टी, ते ईसीजी म्हणतात ना, ती काढायला वेळ लागत नाही आणि दुखतही नाही. काही निघालं नाही तर दिवेलागणीला तू घरी, मग मला जन्मभर शिव्या दे. मी त्या हौसेनं ऐकेन.

यशराज दारात उभा आहे. त्याला चहा विचारू नकोस, तो घेणार नाही. गाडी बंद करायची नाही, असं त्याला बजावलंय. नवरात्रात चप्पल घालत नाहीस ना, नको घालू. अनवाणी ये, उपाशी ये, माझ्यावर चिडून ये. पण हा कागद हातात असतानाच ऊठ.

दाराकडं डोळे लावून बसलेली,
तुझ्या पाठची
जया