आंदणाचा पलंग

आई,

तुझा पलंग आज पुन्हा खोलला. ट्रकवाल्यांची माणसं सकाळीच आली आणि मी खुर्ची टाकून त्यांच्या अगदी समोर बसून राहिले. आडव्या पट्ट्या कुठे ठेवतात, खिट्ट्या कोणाच्या खिशात जातात, सगळ्यावर नजर. शेवटी त्यातला एक वैतागून म्हणाला, "मावशी, आम्ही काय पळवून नेऊन राहिलो का?" मी म्हटलं, "तुमचं काम करा." मग त्याने कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करायला सांगितलं. त्याला मी साफ नाही म्हटलं आणि किल्ली कमरेला खोचली. हा संशयी स्वभाव मला कुठून मिळाला ते तुला सांगायला नको. भाजीवालीच्या पारड्याखाली हात घालून बघणारी तूच आणि दूधवाल्याला थांबवून ठेवून पातेलं उजेडात तिरपं करणारीही तूच. पण परक्यांचं सोड. आपण दोघींनी एकमेकींवर जेवढा संशय घेतला तेवढा कोणावरच घेतला नसेल, आणि तोही ह्याच पलंगापायी.

ते दिवस सनमायकाचे होते. रामदासपेठेतला आमचा ब्लॉक नवा कोरा, पोरगी लहान, आणि मला घर मॉडर्न करायचं वेड लागलेलं. बिनहातांचा बुटका सोफा, तिरप्या पायांचं टेबल, सीताबर्डीवरून आणलेले नारिंगी पडदे, त्यांवर ही मोठाली वर्तुळं. त्याच सुमारास बाबा गेले आणि तू गावाकडे मौद्याच्या भाड्याच्या घरात एकटी उरलीस. मी तुझी एकुलती एक. इकडे ये म्हणून आम्ही दोघंही तुझ्या मागे लागलो, आणि तू काही ना काही काढून टाळत राहिलीस. अखेर तयार झालीस ती अट घालूनच. "सामान येईन तर मी येईन." सामान म्हणजे तुझ्या वडिलांनी तुला लग्नात आंदण दिलेला सागवानी पलंग, त्याच्याच जोडीचं कपाट आणि बसायचा पाट. पलंगाची नक्षीदार उशाकडची फळी आमच्या जिन्याच्या वळणावर अडकली, तेव्हा अख्खी बिल्डिंग बाहेर येऊन बघत होती. मी वरून ते बघतेय आणि मनात म्हणतेय, ही राहायला नाही, ताबा घ्यायला आली आहे. मला खरंच तसं वाटलं होतं.

आणि तू माझ्या संशयात भरच घालत गेलीस. आल्या दिवशी डायनिंग टेबलावर बोट वाजवून विचारलंस, "हे लाकूड होय का पुठ्ठा?" त्या टेबलाशी तू कधी जेवायला बसली नाहीस. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आपला पाट टाकायचीस. सोफ्यावर टेकायची नाहीस, चहासुद्धा कप उचलून आपल्या खोलीत, पलंगावर बसून. पलंग एवढा थोरला की त्या खोलीचं दार पुरतं उघडायचं नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यात तांदळाचा डबा, त्याला कुलूप. मौद्याची धानाची बांधी तू ठेक्याने दिली होतीस, तिथला तांदूळ तुला यायचा. रोज सकाळी मी भाताला आधण ठेवलं की तू यायचीस, आपल्या डब्यातला मूठभर तांदूळ माझ्या पातेल्यात टाकायचीस आणि न बोलता निघून जायचीस. मी अशी जळायचे म्हणून सांगू! माझ्या तांदळावर हिचा विश्वास नाही, माझ्या कामवालीवर विश्वास नाही, माझ्या संसारावरच विश्वास नाही. तुझे जावई म्हणायचे, "त्यांना सवय नाही, होईल हळूहळू." त्यांना कोणाचा संशय यायचाच नाही, हा त्यांचा जुना दोष.

मग ह्यांच्या साहेबांच्या बंगल्यावर आम्ही चहाला गेलो. त्यांच्या हॉलमध्ये जुना सागवानी पलंग दिवाण म्हणून मांडलेला, वर निळी हातमागाची चादर, शेजारी नव्या पद्धतीचा उंच दिवा. जुनं आणि नवं एकमेकांना असं शोभून दिसत होतं की माझी नजर हलेना. तू नेमकी त्याच आठवड्यात मौद्याला एका लग्नाला गेलीस. मी मिस्त्रीला बोलावलं. पलंगाची उशाकडची फळी काढली, सांगाड्याला पॉलिश मारून घेतलं, फोमची गादी आणली, तशीच निळी चादर घातली. तुझं कपाटही हॉलमध्ये आणून त्याच्या वरच्या दारांना काचा बसवल्या आणि आत बाहुल्या मांडल्या. खालच्या कप्प्याचं कुलूप मिस्त्रीकडून उघडवून तुझा तांदळाचा डबा खोलीत नेऊन ठेवला. तिथे तुझ्यासाठी नवी लोखंडी खाट घेतली, नव्या गादीसकट. ही तुला माझी भेट होती. खोलीचं दारही आता पुरतं उघडत होतं. मला वाटलं, सगळ्यांचंच भलं झालं.

तू परत आलीस. पिशवी हातातच धरून पलंगासमोर उभी राहिलीस. चादरीची कड उचलून खालचं लाकूड चाचपलंस, बदललं तर नाही ना ते बघायला. मग म्हणालीस, "छान दिसून राहिला." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तर तू खाली सतरंजीवर झोपलेली आणि नवी गादी घडीसुद्धा न मोडलेली. "कंबर दुखते, खाली बरं वाटते," म्हणालीस. त्यानंतर तुझे उपासच सुरू झाले. सोमवार झाला, गुरुवार झाला, मग कुठली तरी चतुर्थी. पातेल्यातली मूठही बंद झाली. शेजारणी माझ्या हॉलचं कौतुक करत होत्या, दिवाणावर बसून चिवडा खात होत्या, आणि तू आतल्या खोलीत जमिनीवर. मला वाटलं, हे नाटक आहे. चार लोकांत मला वाईट ठरवायचं चाललंय. आणि मग तू जावयांना मौद्याच्या एस.टी.ची वेळ विचारलीस. त्यांनी ते मला येऊन सांगितलं तेव्हा मी घाबरले. मौद्याचं घर सुटलेलं होतं. तू जाणार कुठे होतीस?

मी तशीच स्वयंपाकघरात आले. तू पाटावर बसून शेंगा सोलत होतीस. राग आला की माझी भाषा आपोआप मौद्याची व्हायची.

"काहून असं करून राहिली तू? म्या तुह्या पलंगाले हॉलमधी मान देल्ला, तं तू जमिनीवर निजतं?"

"मान देल्ला, खरं हाय." तू शेंगा सोलतच होतीस. "पन आता तो तुह्या घराचा झाला वं. येनारा-जानारा बसते त्याच्यावर. माहा राहिला नाही."

"मंग नवी खाट काय परक्याची हाय?"

"जावयाची हाय." आता तू हात थांबवलेस. "माह्या बापानं मले आंदण देल्लं होतं ते. लेकीच्या घरी राहाची पाळी आली, तं म्या मनाशी ठरवलं, निजाचं आपल्या बापाच्या पलंगावर, बसाचं आपल्या पाटावर, अन् भातात आपले चार दाने टाकाचे. मंग जावयाच्या घरी पडून हाय असं होत नाही."

"कोन म्हनते तुले तसं?"

"कोनीच म्हनत नाही, बाई. मलेच वाटते."

मी मोठ्या तोंडाने तुला ऐकवलं, की हे सगळं जुनाट आहे, मुलगा आणि मुलगी यात मी फरक मानत नाही, असल्या खुळचट गोष्टींवर माझा विश्वास नाही. तू ऐकून घेतलंस आणि पुन्हा शेंगा सोलायला लागलीस. बाहेर येऊन मी त्या निळ्या चादरीवर बसले आणि रडले. ती तांदळाची मूठ इतके दिवस मी माझा अपमान म्हणून मोजत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पुन्हा आला. पलंग खोलीत गेला, फळी परत उशाकडे लागली, दार पुन्हा अर्धंच उघडायला लागलं. तू शेजारी बसून मिस्त्रीला विचारत होतीस, "माहंच सागवान हाय ना गा हे?" कपाटाबद्दल मात्र तू स्वतःहून म्हणालीस, "ते राहू दे हॉलमधी, शोभते." मग वर काचेआड माझ्या बाहुल्या आणि खाली कुलपात तुझा तांदूळ, अशी आपली मॉडर्न पद्धत ठरली. पाहुणे खालच्या कप्प्यात काय आहे म्हणून विचारायचे आणि तू त्यांच्याकडे संशयाने बघत किल्ली कमरेला खोचायचीस. पातेल्यातली मूठ पुन्हा सुरू झाली. तू शेवटपर्यंत इथेच राहिलीस, आणि गेलीस ती त्याच पलंगावरून.

आता मी निघाले आहे. हे गेले, आणि पोरगी म्हणते, एकटी राहू नकोस. तिचं पुण्याचं घर पांढरंशुभ्र आहे, सामान मोजकं, सगळं भिंतीत बसवलेलं. माझ्यासाठी तिने सुंदर बेड घेऊन ठेवला आहे. पलंग आणि कपाट येईल तरच मी येईन, असं मी तिला फोनवर सांगितलं. ती उत्साहाने म्हणाली, "आई, आपण पलंग हॉलमध्ये ठेवू ना, मस्त दिसेल तिथे." मी म्हटलं, नाही, माझ्याच खोलीत लागेल, माझी कंबर दुखते. मागून माझ्या जावयाला ती हळूच म्हणाली ते मला ऐकू आलं. "आईच्या मनात काहीतरी वेगळंच आहे." पोरीला संशय आलाय. आपल्याच वळणावर गेली आहे.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुला सांगून टाकते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात मी तांदळाचा डबा भरून ठेवला आहे.