आधी पुसून घे

तीर्थरूप मावशी,

वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही. परवा लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना कंबर धरली, तेव्हा जेवढा झाला तेवढा गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? सूज उतरली का? बाथरूममध्ये रबरी चटई टाकली की अजून "बघू" चाललंय? हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तू माझा फोन उचलत नाहीस, माझ्या बायकोचा उचलत नाहीस, आणि मला एकच निरोप पाठवलास: "तिला सांग, कळलं." ते वाचून मी दोन दिवस गप्प बसलो आणि शेवटी कागद घेतला. अक्षर तेवढं लावून घे. वीस वर्षांत हाताने मी फक्त लिफ्ट तपासल्याच्या तक्त्यावर सही करत आलोय, तीही उभ्याउभ्या.

तर पहिलं म्हणजे, त्या बुधवारी तू आईला "मी बाथरूममध्ये पडले" असं सांगितलंस आणि ती "वा, छान झालं" म्हणाली, पुढे "मग आता दुसरी घे करायला" असंही म्हणाली आणि फोन ठेवून दिला, यात तिचा काडीचाही दोष नाही. तिला ऐकूच आलं नाही. तिला वाटलं, तू विणत असलेली शाल पूर्ण झाली. तो फोन माझ्या बायकोचा होता, आणि बायकोच्या फोनवर आईला फक्त स्वतःचंच ऐकू येतं. ऐकू येईल असा एकच फोन या घरात होता. तो मी मारला. चिडायचं तर माझ्यावर चीड. पण तिच्याशी बोलणं टाकू नकोस. रोज चार वाजले की ती हातपाय धुऊन खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसते आणि साडेचारला उठते. ते मला बघवत नाही.

आता हे कसं झालं ते सांगायचं म्हणजे जरा मागे जावं लागेल. मी घरी फावल्या वेळात कर्नल बनवतो, हे आईने तुला सांगितलंच आहे. (त्यावर तू "कुठल्या पलटणीत?" असं विचारलं होतंस आणि आईने "घरूनच करतो" असं उत्तर दिलं होतं. त्यानंतर तुमच्या इमारतीतले एक सेवानिवृत्त गृहस्थ मला दिसताच ताठ उभे राहतात. त्यांना खरं सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.) तर हा कर्नल म्हणजे फोनच्या आतला मुकादम. पडदा, स्पीकर, बॅटरी, कॅमेरा, सगळ्यांकडून काम करून घेणारा. कंपनी आपला मुकादम नेमून देते, आणि तीन-चार वर्षांनी त्या फोनचं नावच टाकते. मग माझ्यासारखे रिकामटेकडे जमतात, कंपनीने जगासाठी उघडा ठेवलेला मजकूर उतरवून घेतात, त्यात काड्या घालतात आणि आपला मुकादम तयार करून फोनमध्ये बसवतात. पगार नाही, मान नाही, डोळे तेवढे जातात.

तुम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाचे फोन घेतले होते आठवतं? ("म्हणजे कुठलं बटण दाबायचं ते ताईला पुसता येईल," असं आई म्हणाली होती.) त्याच फोनवर मी हे सगळं शिकलो. कंपनीच्या मुकादमाने कानाशी येणाऱ्या आवाजाला एक मर्यादा घालून ठेवलेली. आईचा कान मंद होत गेला, कानाचं यंत्र आणलं ते ती डबीत ठेवते ("त्याला पण विश्रांती हवी"), तेव्हा मी ती मर्यादा काढली. सगळं शहाणपण वापरून झाल्यावर बदल निघाला एका आकड्याचा. तो सापडायला सात महिने गेले. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा "अगं ताई, ओरडू नकोस, येतंय ऐकू" असं म्हटलं, त्या दिवशी मी जिन्यात जाऊन रडलो होतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मावशी, सुधारणेचा किडा वाईट. मी माझ्या आवृत्त्यांना मजल्यांची नावं देतो. (लिफ्टवाल्याला दुसरं काय सुचणार?) तिसऱ्या मजल्यावर बोट डावीकडे फिरवलं की पडदा उजवीकडे सरकायचा, आईने आठवडाभर फोन उलटा धरून काम भागवलं आणि तक्रार केली नाही. पाचव्या मजल्यावर फोन चार्जिंगला लावला की थरथरायचा आणि चालत चालत टेबलावरून खाली जायचा. सातव्यावर कुणाचाही फोन आला की विजेरी पेटायची. ती माझी चूक होती, पण आईला इतकी आवडली की दुरुस्त करू देईना. तुझा फोन आला की तिला ऐकू यायच्या आधी दिसायचा. ती चूक मी पुढच्या सगळ्या मजल्यांवर मुद्दाम जपून नेली. आता हा फोन वापरणारे जगात आम्ही अकरा जण उरलोय. त्यांतला एक कुठल्यातरी दुसऱ्या खंडात राहतो. मी त्याला कासव म्हणतो, कारण काहीही विचारा, चौथ्या दिवशी उत्तर येतं. त्या कासवाने महिन्यापूर्वी लिहिलं, "तुमचं काम फार छान आहे, बारावा मजला कधी?" झालं. इतकी वर्षं मला कुणी छान म्हटलं नव्हतं. मी चढलो.

बारावा मजला बांधून झाला त्या रविवारी सकाळी आई लसूण सोलत बसली होती. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडलो की तुझ्या फोनमध्ये नवीन टाकतो, आवाज अजून वाढेल. ती म्हणाली, "टाक. पण आधी पुसून घे हो."

मावशी, मी जागच्या जागी गहिवरलो. आमच्या या धंद्यात पहिला नियमच तो. नवीन काही टाकायच्या आधी जुनं सगळं पुसून घ्यायचं, साफ, कोरं. कुणीही नवखा रडत आला की आम्ही बाकीचे दहाही जण एकच विचारतो, "आधी पुसून घेतलं होतं का?" इतकी वर्षं मी संगणकासमोर बसलो की जी बाई "डोळे फुटतील" म्हणत मागून निघून जायची, तिने आपल्या तोंडाने नियम सांगितला! मला वाटलं, अखेर माझ्या आईला माझं काम कळलं. त्या भरात मी दुसरा विचारच केला नाही. पुसला. तिने साठवलेले दोनशे बारा नंबर, फोटो, सगळं. मग बारावा मजला चढवला. फोन सुरू झाला, कंपनीचं चिन्ह दाखवलं, विझला, पुन्हा सुरू झाला, चिन्ह दाखवलं, विझला. तळमजल्यावरची लिफ्ट दार उघडते, मिटते, पुन्हा उघडते, वर काही जात नाही, तसं. माणसं अडकलेली असली तर निदान आतून बटण तरी दाबतात.

तू म्हणशील, जुनं काही जपून ठेवलं नव्हतंस का? ठेवलं होतं. अकरावा मजला, चालता, सगळ्या आकड्यांसकट, नीट नाव देऊन जपून ठेवला होता. त्याच फोनमध्ये. (इथे थोडा वेळ थांबून हसून घे. बायको दोन दिवस हसत होती.) अकरा मजले मी कागदावर पुन्हा उभे करीन, पण पायाला कंपनीचं मूळचं सामान लागतं, आणि कंपनीने ते आपल्या संकेतस्थळावरून केव्हाच काढून टाकलंय. कासवाला विचारलं. चौथ्या दिवशी त्याने लिहिलं, "आधी पुसून घेतलं होतं का?"

मग मी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. त्याने फोन उलटसुलट करून पाहिला आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बघायला बोलावलं. "कोणी केलं हे?" म्हणाला. मी म्हटलं, ओळखीतला एक आहे. "त्याच्याकडे परत जाऊ नका," त्याने सल्ला दिला. आमच्या भाषेत अशा फोनला वीट म्हणतात. आता ती वीट बायकोने वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला लावून ठेवलीय, येता-जाता मला ठेच लागते, आणि मावशी, मला या विटेचा खरोखर वीट आलाय.

त्या रविवारीच संध्याकाळी आईने विचारलं होतं, "काय म्हणाली ताई?" मी म्हटलं, कशाबद्दल? तर म्हणाली, "तुला सांगितलं होतं ना, आधी ताईला पुसून घे. चारला तिचा फोन असतो, मध्येच बंद पडला तर ती वाट बघत बसेल." पुसून घे म्हणजे विचारून घे! तुमच्या माहेरचा शब्द. लहानपणी "न पुसता डब्याला हात लावू नकोस" म्हणून मी कितीदा मार खाल्लाय, आणि आठ वर्षं या मुकादमांच्या नादी लागून शब्दाचा अर्थच विसरलो. मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे ओरडलो, खालच्या मजल्यावरच्यांनाही कळलं. ती एवढंच म्हणाली, "न पुसता पुसलंस." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून कामावरून आलो की मी वही घेऊन तिच्यासमोर बसतो आणि गेलेले नंबर एकेक करून विचारतो. तिने कुणालाही नावाने साठवलेलं नव्हतं. "निळ्या गेटची", "खोकल्याचे डॉक्टर", "दळण (जुना)", "दळण (नवा, बरा)". एकेका नंबरामागे अर्ध्या तासाची हकीकत. निळ्या गेटच्या बाईंनी मला कांजिण्या आल्या तेव्हा पंधरा दिवस आपल्या घरून डबा पाठवला होता, हे मला आज अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. "हिला करू नकोस" अशी एक नोंद आहे. ती कोण ते सांगत नाही, नंबर तेवढा उतरवून घे म्हणते. आणि "उचलत नाही" अशी एक. मी म्हटलं, हे कोण? ती लसूण सोलत राहिली. म्हटलं, नंबर तरी सांग. तिने घडाघडा म्हणून दाखवला. मी चार आकडे लिहिल्यावर थांबलो, कारण पुढचे मला माहीत होते. माझाच होता.

आता दमलोय. हात दुखतोय, कंबर दुखतेय, घसा बसलाय. तुझा गुडघा जप, आणि आईवरचा राग एवढा सोड. माझ्यावरचा राहू दे, तो मला पुरवून पुरवून वापरता येईल.

तुझा,
भाचा (कर्नल)

ता. क. तुझा तो जुना फोन कपाटात खोक्यासकट पडून आहे, हे मला माहीत आहे. सुनेने नवीन दिल्यापासून तू त्याला हात लावलेला नाहीस, पडद्यावरची पातळ फिल्मसुद्धा काढलेली नाहीस. त्यात कंपनीचं मूळ सामान जसंच्या तसं आहे. तो मला पाठव. सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं असं नाही, पण बरंचसं त्यासाठी.

ता. क. २. त्यातून ते सामान बाहेर काढायचं म्हणजे कुलूप उघडावं लागतं, आणि कुलूप उघडलं की तुझा फोन आपोआप कोरा होतो. म्हणून या खेपेला आधी पुसतो: पुसू का?

ता. क. ३. पाठवण्याआधी तू मात्र काहीच पुसू नकोस. फडक्यानेसुद्धा नको.

ताई,

पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खालच्या कोऱ्या जागेत लिहिते. त्याला माहीत नाही.

पडलीस आणि मी छान झालं म्हणाले. हे पत्र वाचलं तेव्हा कळलं, आणि मला जेवण गेलं नाही. फार लागलं का गं? खरं काय ते लिही. मला ऐकू येत नाही, वाचता येतं. पत्रच लिही, चार वाजता खुर्चीत बसून वाचीन.

फोन पाठव, पण लगेच नको. महिनाभर तरी काढ. गुडघ्याचं सांग, पोस्टात जाववत नाही म्हण. ते दोनशे बारा नंबर माझ्या लाल वहीत आहेत, तुझ्यासमोरच नाही का उतरवले होते? वही गादीखाली आहे. त्याला सांगितलेलं नाही.

घरात असून तो मला कधी काही पुसत नव्हता. सगळं पुसून टाकल्यापासून रोज समोर बसून पुसतो. आज एक्केचाळीस झाले. अजून एकशे एकाहत्तर आहेत.