पाचव्या दोराखालचं खोकं

नेदर ऑझ्ली,
४ नोव्हेंबर १९६६

चि. लायोनेल यास हेस्टरचे अ. उ. आ.

तळ्यातली बदकं आणि मी, सगळी सुखरूप. दगडी पुलाला पुन्हा दुधाची गाडी धडकली; पूल जागेवर आहे. सायलस पिम मात्र आता फार दिवस काढेल असं वाटत नाही. कान घंटांनी कधीच नेले, आता डोळेही गेले. चर्चच्या मनोऱ्यात तुम्ही सहाजण घंटा वाजवायचात, तेव्हा तू बुटका म्हणून त्यानं पाचव्या दोराखाली उभं राहायला खोकं करून ठेवलं होतं. ते अजून तिथंच आहे. रोज तुझी चौकशी करतो. अठ्ठावीस वर्षांत तू त्याच्या दाराशी का गेला नाहीस, हे मी विचारत नाही. पण लवकर ये.

लोभ आहेच, वाढवायला तू इकडे फिरकतोस कुठे?

हेस्टर

यॉर्क,
७ नोव्हेंबर

ति. हेस्टरताईस सा. न. वि. वि.

पोरांकडून लॅटिन क्रियापदं घोकून घेणाऱ्या तुझ्या भावाला एक साधं वाक्य अठ्ठावीस वर्षं लिहिता आलं नाही. अडतीस सालच्या त्या तीन तासांच्या वादनात दर फेरीत घंटांचा एकही क्रम पुन्हा यायचा नव्हता. दुसऱ्या तासाला मी चुकलो, चौथ्या घंटेच्या जागी शिरलो आणि गप्प राहिलो. मनोऱ्यात आमच्या नावांची पाटी लागल्यावर चूक बाहेर आली. तेव्हा सायलसनं सांगून टाकलं, ‘क्रम पुकारणारा मी, म्हणजे चूकही माझीच.’ पाटी स्वतः उतरवली आणि पुन्हा कधी पुकारायला उभा राहिला नाही. मी शेजारीच होतो, त्यानंच केलेल्या खोक्यावर.

शनिवारी शाळा सुटली की निघतो. तोवर हे त्याला वाचून दाखव. धाडसही तुझ्याच तोंडून करतोय, हे तुझ्या लक्षात येईलच.

कृपा असावी, पात्रता पाहू नये.

लायोनेल

नेदर ऑझ्ली,
११ नोव्हेंबर

चि. लायोनेल यास अ. आ.

परवा तुझं पत्र वाचलं. वाचलं कसलं, त्याच्या कानाशी तीनदा ओरडले. शेजारच्या टॉप्लिसबाई खिडकीत आल्या, टपालवाला फाटकाशी थबकला. सायलसला एक अक्षर पोचलं नाही. पत्र तुझं आहे एवढं मात्र त्यानं कागद चाचपून ताडलं. माझा हात थोपटून म्हणाला, की तो येणार असेल तर खोकं पुसून ठेवा, धुळीवर पाय घसरतो त्याचा.

काल सकाळी गेला.

रविवारी त्याच्यासाठी घंटा वाजवायच्या आहेत आणि पाचव्या दोराला माणूस नाही. मनोऱ्यातल्या मंडळींचा निरोप आहे, की आम्हाला सगळं कळलंय, तरी यावं.

खोकं मी पुसून ठेवलंय.

तुझी,
हेस्टर