लाल कोळंब्यांची टाकी

४ मार्च
माझ्या काचेच्या टाकीत हिरव्या कोळंब्या! आईकडे जरा राहायला काय गेले, स्वारीने मागे हा उद्योग करून ठेवला.

तीन वर्षं निवडून निवडून वाढवल्यात मी या लाल. जराशी फिकी दिसली की तिची बदली दुसऱ्या टाकीत. आता हिरवीशी संकर झाला की पिल्लं मातकट निघणार – आणि मग लाल पुन्हा मिळवायला पहिल्यापासून सुरुवात! शंभरदा सांगितलंय त्याला.

विचारलं तर म्हणे, कोळंबी ती कोळंबी, रंगाचं काय एवढं? आणि चहा घेऊन बाल्कनीत गेला.

५ मार्च
बोलणं बंद. डबा दिला, तेवढंच. शाळेची बस चालवणाऱ्याला उपाशी ठेवता येत नाही म्हणून.

दिवसभर जाळीने हिरव्या उपसल्या. शेवाळात दडून बसतात मेल्या! लाल मादीने कात टाकलीय, साल शेजारीच पडलेलं. नर नेमके तेव्हाच मागे लागतात. कोणता लागला, देव जाणे.

९ मार्च
तिच्या पोटाखाली अंडी. एरवी नाचले असते. आज भिंगातून बघताना रडू आलं. रागाने.

२८ एप्रिल
पिल्लांनी रंग धरला. मातकट. झाडून सगळी!

स्वारी वाकून बघते काय, म्हणते काय – छान लाल झाली की गं! जखमेवर मीठ चोळायची हौस बघा. मी भांडी आपटली. त्याला काही कळलंच नाही, किंवा तसं सोंग केलं.

२९ एप्रिल
दुकानदाराला झापायला गेले, तर तोच माझ्यावर उखडला. म्हणाला, तुमचे मिस्टर घाबरेघुबरे होऊन आले होते. नळाचं क्लोरीनचं पाणी तसंच टाकीत ओतलं, बऱ्याच मेल्या. बायको यायच्या आत हुबेहूब तशाच लाल हव्यात म्हणाले. मी गिऱ्हाइकात अडकलेलो, त्यांनीच जाळी घेऊन पकडल्या.

म्हणजे माझ्या लाल मारल्या, वर लपवलं! आणि लपवणंही धड जमू नये? लाल कोळंब्या तिथेच शेजारच्या टाकीत होत्या. उद्या त्याला सोडत नाही.

३० एप्रिल
पांढऱ्या वाटीत एक लाल घेतली, एक हिरवी. त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, दाखव यातली लाल.

त्याने वाटी उजेडाकडे तिरपी केली. मग हिरवीकडे बोट केलं.

"सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबतो मी," म्हणाला. "वर्षभर रंग कळेनासे झालेत, तसंच चाललंय."

मी खुंटीवरची बसची किल्ली काढून घेतली. त्याने मागितली नाही.