कळंब्याच्या शेवाळाचा प्रश्न

कोल्हापूर

राजवर्धन,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुला वाटेल, मी आभार मानतेय.

आज कॉलेजातून फोन आला. बारा वर्षं तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवून शेवटी मी कायम झाले. आई पेढे आणायला गेलीय.

त्या दिवशी मुलाखतीला आत गेले, तर बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणून खुर्चीत तू. मी "नमस्कार सर" म्हणाले, तूही अनोळख्यासारखी मान हलवलीस. माझ्याआधीचा कबनूरचा कामिल घाम पुसत बाहेर आला होता. शोधनिबंधांवरून तू त्याला पार सोलून काढलंस म्हणे. मला मात्र विचारलंस, "कळंबा तलावात शेवाळ कधी वाढतं, मॅडम?"

अरे, कॉलेजात असताना त्याच काठावर बसून ते तुला मीच शिकवलं होतं! माझे निबंध कुणी उघडलेसुद्धा नाहीत.

तू सोडून गेलास तेव्हा मी रडले नव्हते. आज रडू येतंय. मी पास झाले की तू केलंस, हे आता मला कधीच कळणार न्हाय.

एक तरी अवघड विचारायचास की रे.

वर्षाराणी