मिनलले इकडे पाठवू नको

माय,

तुले अन् बाबाले काजलचा जय भीम. मी बरी आहे, जेवण बरोबर करते. यांचं सक्करदऱ्यात एका बिल्डिंगच्या प्लास्टरचं काम चालू आहे. तुहा गुडघा कसा आहे?

फोनवर बाजूले सासू राहते, म्हणून लिहून राहिली. मिनलचं बाळंतपण माह्याकडं करू म्हणते तू, नागपुरात मोठे दवाखाने आहेत म्हणून. आहेत ना, रामदासपेठेत गल्लोगल्ली आहेत. पण आमची वस्ती हुडकेश्वरच्याही मागं, अन् अजून कोणत्याच आशाताईच्या यादीत नाही. आपल्या गावात आशाताई इंदूबाई तिसऱ्या दिवशी काटा घेऊन दारात येते, बाळाले झोळीत टाकून तोलते. इथं माहं पोरगं सतरा दिवस जगलं, त्याले कोणी तोललं नाही. तो दूध ओढत नव्हता, निजूनच राहे. अन् मी सगळ्यायले कौतुकानं सांगत होती, पोरगं किती शांत आहे म्हणून.

तू म्हणते नजर लागली. नजर नाही लागली माय. त्याच्यावर कोणाची नजर पडलीच नाही.

सख्ख्या बहिणीले ये नको म्हणताना जीव तुटते, पण तिले गावातच ठेव. बाळ लय झोपत असन तर कौतुक करू नको, इंदूबाईले हाक मारजो.

बाबाची खोकल्याची गोळी चालू आहे का?

मिनलच्या बाळाले दुपटं नवीन शिवजो. तू माह्या पोरासाठी शिवलं होतं, थे मी कोणाले देत नाही.

तुही,
काजल